दोन मुलींनंतर नसबंदीचं ऑपरेशन यांनी करून घेतलं, त्याचा अनुभव

मला तिसरं मूल नको होतं पण ते तोंडातनं निघत नव्हतं, कारण सासूबाईंचं दर चार दिवसांनी "वंशाला दिवा पाहिजे गं" चालायचं आणि हे त्यावर गप्प बसायचे, म्हणून मी धरूनच चालले की यांनाही मुलगा हवाय. धाकटीनंतर तांबी (कॉपर-टी) बसवली होती, पण पाळीत एवढं जायला लागलं की हिमोग्लोबिन ८ वर आलं आणि ती काढावी लागली. मग काय, दर महिन्याला तारीख एक दिवस पुढं गेली तरी पोटात गोळा यायचा.

एका रात्री मुली झोपल्यावर विचारलंच, अहो, खरंच अजून एक पाहिजे का तुम्हाला? तर म्हणाले, "मला वाटलं तुलाच हवंय, आईला तू कधी नाही म्हणत नाहीस." मला रडूच आलं. दोन वर्षं एका खोलीत राहून आम्ही हे बोललोच नव्हतो.

मी म्हणलं, मीच ऑपरेशन करून घेते, सगळ्या बायका करतात तसं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं सांगितलं. यांना भीती ताकद जाईल याची, शेतातलं काम कसं होणार. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, शुक्रजंतू नेणाऱ्या नळ्या तेवढ्या बंद करतात, बाकी सगळं आहे तसंच राहतं.

दवाखान्यात सिस्टरनं फॉर्म माझ्याच हातात दिला. हे पुढं होऊन म्हणाले, "पेशंट मी आहे." ती दोनदा बघत राहिली, पण तिला तरी काय बोलणार, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची फक्त ०.३! जागा बधिर करून अर्ध्या तासाच्या आत झालं, संध्याकाळी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचललं नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळं नाही, ३ महिने निरोध वापरावाच लागतो आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे तपासणीला लाजत होते, मी मागं लागून पाठवलं.

आईंना यांनी स्वतःच सांगितलं. आठ दिवस त्या लेकाशी बोलल्या नाहीत, माझ्याशी मात्र बोलत होत्या. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य आले त्या दिवसापासनं मी कॅलेंडरवर तारखेला गोल करायचं सोडलंय.