हिरवं पाणी गेलं, शेवाळ आलं: २,४०० लिटर तळ्याची मार्च ते जुलै नोंद

तळं सांगलीतलं, परसातलं, माशांचं. मार्चमध्ये पाणी गडद हिरवं होतं, ते नितळ करायचं होतं. विटांचं बांधकाम, आतून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग. २.४ मीटर लांब, १.५ रुंद, ०.७ खोल. गुणाकार २,५२० लिटर येतो, पायरी आणि दगड वजा करून २,४०० धरलंय. पाणी बोअरचं: अल्कलिनिटी (सामू टिकवून धरणारे क्षार) २२०, नायट्रेट (शैवालाचं खत) २० (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर, पुढेही तसेच). सात-आठ इंची सहा कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आणि आठ गोल्डफिश, सगळे मिळून सव्वा किलोच्या आसपास. ऊन सकाळी दहापासून साडेचारपर्यंत थेट. फिल्टर म्हणजे २०० लिटरचा ड्रम, आत जपानी मॅटचे (गाळणीच्या खरखरीत चटईचे) चार थर.

मार्च, पहिला आठवडा

आधी मोजमाप. पंधरा सेंटिमीटरचं पांढरं प्लास्टिकचं झाकण, मध्ये भोक, खाली वजनाला दोन नट, वर गाठी मारलेली दोरी. झाकण दिसेनासं होतं ती खोली लिहायची. दर रविवारी, दुपारी बाराला, सावली पाण्यावर पडू न देता. पहिली नोंद १२ सेंटिमीटर. शेततळ्यात कटला-रोहू पाळणारे ३० ते ४० सेंटिमीटर दिसावं म्हणून शेण आणि सुपर फॉस्फेट मुद्दाम टाकतात, म्हणजे हिरवं पाणी हे काही विष नाही. पण १२ ला रात्रीचा प्राणवायू पुरत नाही.

सामू (पीएच) सकाळी साडेसहाला ७.९, दुपारी साडेचारला ९.२. दिवसा शैवाल (पाणी हिरवं करणारे, तरंगणारे सूक्ष्म जीव) पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून सामू चढतो, रात्री तेच शैवाल श्वास घेतं म्हणून उतरतो. एकूण अमोनिया दोन्ही वेळा ०.५. कागदावर आकडा एकच असला तरी २८ अंशांना ७.९ सामूवर त्यातला पाचेक टक्केच अमोनिया विषारी रूपात असतो आणि ९.२ वर निम्म्याहून जास्त. त्यामुळे फक्त सकाळी टेस्ट करून ‘सगळं ठीक’ लिहिणाऱ्यांची नोंद अर्धीच असते.

नायट्रेट ५. या आकड्याने फसायला होतं. बोअरचं पाणीच २० चं, मग तळ्यात ५ कसं? उरलेलं शैवालाच्या पेशींत बसलंय. हिरव्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट कमी दिसलं तर त्याचा अर्थ खत नाही असा होत नाही, खत खाल्लं गेलंय एवढाच होतो.

दुसरा आठवडा: खाद्य

मूठभर म्हणून टाकलं जाणारं खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ४० ग्रॅम भरलं. ते २० वर आणलं, सकाळी नऊ आणि दुपारी चार अशा दोन वेळांना. हिशेब असा. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं, प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नायट्रोजन. २० ग्रॅम खाद्यात एक ग्रॅम नायट्रोजन. माशाच्या अंगाला त्यातला पाव लागतो, बाकी पाऊण ग्रॅम पाण्यात. २,४०० लिटरमध्ये ते नायट्रेटच्या भाषेत रोज १.४, आठवड्याला जवळपास १०. दर रविवारी १५ टक्के पाणी बदललं आणि बदललेलं पाणी अगदी शून्य नायट्रेटचं असलं, तरी आकडा ६५ च्या आसपास जाऊन थांबतो. इथे तर भरायचं पाणीच २० चं. नुसतं पाणी बदलून हे मिटणार नाही, हे इथेच ठरलं.

पाणी बदलणं तरी चालूच, आठवड्याला २४० लिटर, म्हणजे १० टक्केच. काढलेलं पाणी नारळाला. बोअरचं पाणी थेट सोडायचं नाही, शॉवरच्या तोंडातून फवारून सोडायचं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू नगण्य आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. नळाचं पाणी वापरणाऱ्यांनी क्लोरीन आधी मारावं. १ क्लोरीनला सुमारे ७ सोडियम थायोसल्फेट, म्हणजे २४० लिटर नव्या पाण्यात १ क्लोरीन असेल तर पावणेदोन ग्रॅम. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही.

नैऋत्येच्या अर्ध्या भागावर ५० टक्क्यांची शेडनेट बांधली, पाण्यापासून दोन मीटर वर, म्हणजे वारा खेळतो. झाकण १२ वरून १७ ला. एवढंच.

चौथा आठवडा: यूव्ही

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, त्याच्यासमोरून वाहणारं शैवाल मरतं. उन्हातल्या तळ्याला दर हजार लिटरला ५ ते ८ वॅट ठेवले की काम होतं. इथे १८ वॅट. जागा: पंप, मग मॅटचा ड्रम, मग यूव्ही, मग तळं. गाळ आधी अडला नाही तर किरण गाळावरच खर्ची पडतात.

पंपावर ताशी ३,००० लिटर लिहिलंय. ते शून्य उंचीचं. १५ लिटरची बादली यूव्हीच्या तोंडाशी धरली, ३२ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १,६९० लिटर. तळं दीड तासात एकदा फिरतंय, ठीक आहे. प्रवाह फार जोरात असेल तर शैवालाला किरणांचा पुरता डोस मिळत नाही, आणि पाणी हिरवंच राहिलं की माणसं दिव्याला दोष देतात. यूव्हीला समांतर बायपास लाइन आणि दोन बॉल व्हॉल्व्ह घालावेत. दिवा साफ करताना फिल्टर चालू राहतो. यूव्हीजवळ पारदर्शक पाइप नको, किरणांनी तो ठिसूळ होतो.

पहिल्याच संध्याकाळी आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडाला. दिव्याच्या काचेच्या नळीवरची ओ-रिंग (रबरी कडी) बसवताना पिळली गेली होती आणि होल्डरमध्ये ओल उतरली होती. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून, बोटाने पूर्ण फेरी चाचपून मगच नट आवळायचा, तोही हातानेच. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय तळ्यात कुठलीही वायर नेऊ नये. दिवा उघडा असताना चालू करून बघू नये, डोळ्यांना इजा होते.

तिसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं दुधी झालं. मेलेलं शैवाल गुठळ्या होऊन तरंगतं. ते पकडायला ड्रमच्या शेवटच्या थरावर पॉलिफिल (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) अंथरला. पहिला आठवडा तो दिवसातून दोनदा धुवावा लागतो. नाहीतर तेच शैवाल तळाशी कुजतं आणि अमोनिया होऊन परत येतं. कुजताना प्राणवायू खातं, म्हणून एअर पंप आणि दोन एअर स्टोन आदल्या दिवसापासूनच चालू होते. तरी चौथ्या पहाटे कोई धबधब्याखाली गोळा होऊन वर तोंडं काढत होते. ३० अंशांना पाण्यात प्राणवायू जेमतेम साडेसात मावतो, आणि सूर्य उगवायच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. ३५ टक्के पाणी बदललं, दोन दिवस खाद्य बंद.

आठव्या दिवशी झाकण तळाला टेकलं तरी दिसत होतं: ७० सेंटिमीटर. दुपारचा सामू ८.४. नायट्रेट २५.

एप्रिल: शेवाळ

हा २५ चा आकडा पाणी नितळ झाल्याच्या आनंदात कुणी लिहून ठेवत नाही. पेशींत होतं ते खत मोकळं झालं, रोजचं खाद्य चालूच आहे, आणि ऊन आता थेट तळापर्यंत पोचतंय. पंधरा दिवसांत भिंतींवर आणि धबधब्याच्या दगडावर केसांसारखं शेवाळ. यूव्हीचा त्यावर काही उपयोग नाही, कारण ते दिव्यासमोरून वाहतच नाही.

दोन प्रकार आले. एक बुळबुळीत, चकचकीत हिरवं, बोटांतून निसटणारं: स्पायरोगायरा. दुसरं खरखरीत, ओल्या कापसासारखं, दगडाला घट्ट: क्लॅडोफोरा. पहिलं सहज निघतं. बाटली घासायचा ब्रश बांबूला बांधायचा, शेवाळात घालून एकाच दिशेने सावकाश फिरवायचा, जिलबीची कडी वळावी तसा गुंडाळा होतो, मग उचलायचा. ओढायचं नाही, तुटलेले धागे पंपाच्या जाळीवर बसतात. पहिल्या वेळी ते झालंच, बादली भरायला ३२ च्या जागी ५४ सेकंद लागले. काढलेलं शेवाळ पिळून वजन केलं: १.४ किलो, पुढच्या रविवारी ०.९, मग १.१. हे कंपोस्टात गेलं म्हणजे तेवढं खत तळ्याबाहेर गेलं. औषधाने जागच्या जागी मारलं तर ते तळ्यातच राहतं.

मोरचूद आणि तुरटी हे दोन सल्ले हमखास मिळतात. मोरचुदातलं तांबं माशांनाच बाधतं. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर फारच, आणि गोगलगायी तर पहिल्या फटक्यात जातात. तुरटीने पाणी खरंच नितळतं, फॉस्फेटही बसतं, पण अल्कलिनिटी खर्च होऊन सामू पडतो. डोस मोजायची तयारी नसलेल्याने दोन्ही डबे उघडूच नयेत.

मे: कर्दळ

आता खऱ्या कामाकडे: पाण्यातलं खत झाडांच्या मुळांना खायला घालायचं. जुना निळा ड्रम (आधी त्यात काय होतं ते विचारून घेतलेला, रसायनाचा नको) जिगसॉने उभा चिरला. दोन नावा झाल्या, प्रत्येकी अर्धा चौरस मीटर. तळ्याचं पृष्ठ ३.६ चौरस मीटर, म्हणजे २५ टक्क्यांच्या वर. १५ टक्क्यांतही भागतं. भरल्यावर एकेक नाव पावणेदोनशे ते दोनशे किलो होते, तेव्हा तळ्याच्या कठड्यावर नाही, खाली वेगळ्या विटांच्या ओट्यावर.

तळाशी दीड इंची पीव्हीसी पाइप, हॅक्सॉने दर चार सेंटिमीटरला खाच, खाचा खाली तोंड करून. वर बारा मिलिमीटर काळी खडी, दोन्हींत मिळून सात घनफूट, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्याने मोजली तर सहा पोती. खडीवर व्हिनेगर टाकून बघायचं, फेस आला तर चुना आहे, परत करायची. चार पाण्यांनी धुतली तरी पाचव्या पाण्यात बारीक कच निघाली. पाणी खालून शिरतं, वर चढतं, दोन इंची टँक निप्पलमधून (ड्रमच्या भिंतीत बसवलेल्या तोटीतून) तळ्यात पडतं. निप्पल असं बसवायचं की पाण्याची पातळी खडीच्या तीन सेंटिमीटर खाली राहील. वर पाणी साचलं की डासांची पैदास. कोपऱ्यात दोन इंची उभा पाइप सोडलाय, गाळ साचला की त्यात नळी घालून उपसता येतो.

एकेका नावेत कर्दळीचे सहा कंद आणि अळूची दोन रोपं. मुळांची माती पूर्ण धुवायची, नाहीतर शेणखतच तळ्यात घातल्यासारखं. तीन आठवडे काहीच झालं नाही, पानं उलट पिवळी. त्यावर युरिया टाकायचा मोह होतो, तो आवरायचा. चौथ्या आठवड्यात नवे कोंब. कर्दळीची पानं गुंडाळणारी अळी आली, हाताने वेचली. सायपरमेथ्रिनचा फवारा उडून तळ्यात आला तर मासे संपतात.

जलपर्णीही आहे, पण पीव्हीसी पाइपच्या तरंगत्या चौकटीत, पाव पृष्ठापुरती. जास्तीची उन्हात वाळवून खड्ड्यात. ओढ्यात किंवा नदीत एक रोपही जाऊ द्यायचं नाही, पंचगंगेवरचा गालिचा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नायट्रेट: मेच्या सुरुवातीला ३५, शेवटी २८, जूनच्या मध्यावर १४. शेवाळ आठवड्याला २०० ग्रॅम.

जून-जुलै

पहिल्या वळवाच्या आधीच कठडा पाच सेंटिमीटर उचलला, नाहीतर नारळाच्या आळ्यातलं शेणखत थेट तळ्यात. पन्हळीचं पाणीही वळवलं. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी नसतेच. २२० ची १५० झाली. शंभराच्या खाली गेली तर खाण्याचा सोडा टाकायचा, १०० ग्रॅमने इथे २५ वाढते.

ज्यांचं पाणी अजून गडद हिरवं आहे त्यांनी या दिवसांत जास्त जपावं. चार-पाच दिवस आभाळ भरून राहिलं की शैवाल एका रात्रीत मरू शकतं. पाणी चहाच्या रंगाचं, वर फेस, मासे कडेला. अशा आठवड्यात खाद्य निम्मं आणि हवा चोवीस तास.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी झाकण ७० वरून ४५ ला आलं. दिवा निळा दिसत होता, तरी नळी उघडली तर बाहेरून पांढऱ्या क्षाराचा पापुद्रा. एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, वीस मिनिटं बुडवून मऊ फडक्याने पुसली. पाच दिवसांत परत ७०. बोअरच्या पाण्याला हे दर महिन्याला लागणार. दिव्याचा निळा उजेड दिसला म्हणजे किरण आहेत असं नाही. नऊ हजार तासांनी, साधारण वर्षाने, उजेड राहतो आणि जोर जातो. नवा दिवा फेब्रुवारीच्या शेवटी, उन्हाळा चढायच्या आत. वीज पंपाचे ३५ आणि दिव्याचे १८ वॅट धरून महिन्याला ३८ युनिट.

भारनियमनात पाच-सहा तास पंप बंद राहिला तर फिल्टरच्या ड्रममधलं पाणी सडतं. पंप लावण्याआधी ड्रमचा तळाचा व्हॉल्व्ह उघडून ते बाहेर सोडायचं, वास गेला की मगच तळ्याकडे.

आजची नोंद: ७० सेंटिमीटर, सामू ७.८ आणि ८.३, अमोनिया ०, नायट्रेट १२. एक बादली हिरवं पाणी मात्र बाजूला उन्हात राखून ठेवलंय, डॅफ्नियासाठी (शैवाल खाणारे, पाण्यातले बारीक जीव).