इयत्ता

"पहिल्या बाकाला शिवाजी महाराज हवे असायचे, मधल्यांना चोर-पोलीस, शेवटच्या बाकाला भूत. मी कुणाला नाही म्हणू रे?"

आज मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत सर भेटले. मीच विचारलं होतं, ऐतिहासिक, रहस्य, भय असं सगळंच का लिहिता? एकातच राहिला असतात तर नाव झालं असतं.

सरांना वाईट वाटलं नाही. मलाच वाटतंय, दुपारपासून. मी शेवटच्या बाकावरचा. ती भुतं माझ्यासाठी होती.

खांडेकरांनीही 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत शिकवलं, तिथेच कादंबऱ्या लिहिल्या. मास्तरांना वाचक समोर बसलेले दिसत असतील का?

सरांच्या हातात नव्या कादंबरीची वही होती, शाळेचीच. वर 'इयत्ता' छापलेलं. पुढे त्यांच्या वळणदार अक्षरात: 'सगळ्या'.