तीनशे रुपयांचं बटण

आई मार्चमध्ये आमच्याकडे आली ती एक बटण कमी असलेला स्वेटर घालूनच. नागपूरच्या तिबेटी बाजारातला, मरून रंगाचा, पाच बटणांचा. गळ्याजवळचं बटण विमानात कुठंतरी गळालं. ॲम्स्टरडॅमची मार्चमधली हवा म्हणजे आपल्या जानेवारीतल्या पहाटेहून वाईट, वर कालव्यांवरून येणारा वारा. दोन दिवस तिनं सेफ्टी पिन लावून काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काय बाप्पा, तुमच्या गावात बटणं नाही मिळत का? हे लोक काय लावून राहिले मग?”

मी ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलवेनला राहते. इथून 5 नंबरची ट्राम सरळ शहरात जाते. म्हटलं चल, तुला नऊ गल्ल्या दाखवते. डच लोक त्यांना ‘द नेखेन स्ट्राचेस’ म्हणतात, त्यातला ख घसा खरवडून काढायचा. नऊ छोटे रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकेकट्या मालकांची दुकानं.

पहिली फेरी वाया गेली, कारण मी तिला सोमवारी सकाळी नेलं. सोमवारी इथली बरीच छोटी दुकानं दुपारीच उघडतात. तीन वर्षं राहून हे माझ्या लक्षात राहत नाही. एरवीही सहा वाजले की शटर खाली, गुरुवारी तेवढी नऊपर्यंत चालू. नागपूरला बर्डीच्या बाजारात सहा वाजता तर गर्दीला कुठं सुरुवात होते.

बंद दुकानं पाहत हिंडलो, तर आईनं एक गोष्ट पकडली. सिंगेल आणि प्रिन्सेनख्राख्त या कालव्यांच्या मधून आडवे रस्ते खरे तीनच जातात. मधले दोन कालवे प्रत्येकाचे तीन तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव. “म्हणजे तीनच गल्ल्या आहेत की! नऊ कशाला सांगून राहिली?” मला हे कधी सुचलं नव्हतं.

नावांची गंमत मात्र खरी आहे. एक रस्ता लांडग्यांचा, एक अस्वलांचा, दोन हरणांचे, एक सरळसरळ कातड्यांचा. रुनस्ट्राटमधलं ‘रुन’ म्हणजे ओकच्या सालीचा भुगा, कातडं कमवायला लागायचा तो. आपल्याकडे बाभळीची साल वापरायचे, तसं. एके काळी हा सगळा चामड्याच्या धंद्याचा भाग होता. आता तिथं दोनशे युरोची हँडबॅग काचेमागे एकटीच बसलेली असते. आईला हे नवलाचं वाटलं नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात सराफा ओळ, भांडे ओळ, किराणा ओळ ऐकत वाढलेल्या बाईला धंद्यावरून रस्त्याचं नाव म्हणजे काय विशेष?

गुरुवारी परत गेलो. खरं सांगते, यातली अर्धी दुकानं मला आवडत नाहीत. मोठ्या खोलीत सात शर्ट, मेणबत्तीचा वास आणि आपण आत आलो म्हणून अवघडलेली एक मुलगी. चीजचं दुकान मात्र चांगलं. हातभर रुंदीचे गोळे छतापर्यंत रचलेले, मागितलं तर कापून चव देतात. आईनं जिरं घातलेलं चीज खाल्लं आणि “पापडाच्या पिठासारखं लागते” एवढंच म्हणाली. आणि बटणांचं दुकान. फक्त बटणं, दुसरं काही नाही.

दारातून शिरताना ‘डाख’ म्हणायचं, म्हणजे नमस्कार. त्यानंतर शांतता. “या ताई, पाहून तर घ्या, घ्यायचं नका घेऊ” कोणी म्हणत नाही. आई माझ्या कानात म्हणाली, “सुतक आहे का यांच्याकडे?” पण भिंतीकडे पाहून ती थबकली. लांबट खोक्यांच्या रांगा आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडाला आतल्या मालाचं एकेक बटण शिवलेलं. आपल्या मॅचिंग सेंटरमध्ये असतं अगदी तसं. तिचा चेहरा एकदम घरी आल्यासारखा झाला.

दुकानदार बाईनं स्वेटर काउंटरवर पसरला, काळ्या मखमलीच्या तुकड्यावर एकेक बटण ठेवून पाहिलं, दिव्याखाली फिरवलं. वीस मिनिटं, एका बटणासाठी. तंतोतंत नाही पण जवळचं निघालं. साडेतीन युरो. ती ‘होर्न’ असं काहीतरी म्हणाली. माझं डच भाजी घेण्यापुरतं, मी मान डोलावली.

आईनं मनातल्या मनात गुणाकार केला. “तीनशेच्या वर! कमी करा म्हण.” मी म्हटलं नाही. आईनं पर्समधून पाचची नोट काढली, तर बाईनं नम्रपणे पाटी दाखवली. फक्त कार्ड. वर विचारलं, भेट द्यायचंय का? इथं छोट्या दुकानात हे नेहमी विचारतात आणि बांधून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्या एका बटणाला पाकीट आणि रिबन मिळाली. तेव्हा कुठं आईचा जीव थंडावला.

डिसेंबरमध्ये मी नागपूरला गेले. ते जरा गडद बटण आईला नऊ महिने डाचत होतं. इतवारीत गेलो. गाडी लावायला जागा नाही, हातगाडीवाल्याचा धक्का, दुकानात उभं राहायला दीड फरशी. दुकानदार काका चष्मा कपाळावर चढवून स्वेटर हातात घेतात न घेतात तोच पोराला म्हणाले, “तिसरी रांग, खालचं खोकं.” तंतोतंत मरून. सहा बटणं तीस रुपये, आईनं पंचवीस केले.

काकांची नजर गळ्याजवळच्या बटणावर अडकली होती. नख घासून पाहिलं, उजेडाकडे धरलं. “हे कुठून आणलं ताई?”

“हॉलंडहून,” आई ऐटीत म्हणाली.

“शिंगाचं आहे न हे. म्हशीचं असंन. आपल्या यूपीत, संभलला करतात असला माल. काय सांगावं, इथूनच गेला असंन तिकडं.”

माझ्या डोक्यात ती ‘होर्न’ म्हणणारी बाई लख्ख उभी राहिली. आई गप्प झाली. मला वाटलं, तीनशे रुपयांचा हिशोब चाललाय.

“शिंगाचं?” ती शेवटी म्हणाली. “अगं, हे घालून मी टेकडीच्या गणपतीला जाऊन आली. चार वेळा!”