दात बघून घेतलेली गाडी

गॅरेजवाल्या चाचांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही. मालकाला म्हणाले, "दादा, गाडी चार फूट पुढं ढकलू या. चालू नका करू." आम्ही तिघांनी ढकलली. मग ती रोज जिथे उभी राहायची तिथे चाचा उकिडवे बसले आणि मातीवरचे डाग बघू लागले. इंजिनाखाली एक रुपयाएवढा काळा डाग, मागच्या ॲक्सलच्या हौसिंगखाली एक ओलसर पुसट. बोटाने चोळले, वास घेतला, म्हणाले, "ठीक आहे. जुनी डिझेल गाडी अजिबात गळत नसेल तर ती काल धुतलेली असते."

ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. पण सुरुवात जुलैची.

मी जनावरांची डॉक्टर. खाजगी प्रॅक्टिस, मुक्काम कराड, फिरणं बहुतेक पाटण तालुक्यात. कोयनानगरला एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मला फोन येतात ते त्याच पट्ट्यातल्या डोंगरावरच्या वाड्यांमधून. तांबड्या मातीचा चढ, मध्ये ओढा, त्यावर कधीतरी टाकलेली खडी पाण्याबरोबर खाली गेलेली. जुलै २०२३ मध्ये रात्री साडेदहाला फोन आला, गाय अडलीय. माझी छोटी पेट्रोल गाडी दोन किलोमीटर अलीकडे चिखलात बसली. बॅग डोक्यावर घेऊन चालत गेले. गाय वाचली, वासरू गेलं. तिथल्या आजी मला काही बोलल्या नाहीत. चहा दिला. त्या चहानेच ठरवलं की फोर बाय फोर घ्यायची, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी.

बजेट सहा लाख. त्यात नवीन येत नव्हती. जिप्सी पेट्रोलवर चालते, आणि माझं महिन्याचं फिरणं बघता ते परवडणारं नव्हतं. शिवाय चढावर मिनिटाला कमी फेऱ्यांवर ओढणारं इंजिन हवं, म्हणजे डिझेलच. बोलेरोची फोर बाय फोर बघितली, पण चांगल्या गाड्या विकणारा माणूसच सापडेना. शेवटी महिंद्राच्या जुन्या थारवर आले, म्हणजे २०१० ते २०२० च्या दरम्यान निघाली ती. त्यातही एक मेख आहे. 'डीआय' नावाने आलेल्या थारमध्ये टू-व्हील ड्राइव्हच्याही गाड्या आहेत. बाहेरून तीच जीप, आत पुढच्या चाकांना ताकदच नाही. सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची मात्र फोर बाय फोरच. २४९८ सीसी, १०५ हॉर्सपॉवर, आणि खरा जोर अठराशे फेऱ्यांच्या आसपासच मिळायला लागतो. मला तीच हवी होती.

आता बघायला गेले त्या गाड्यांबद्दल. सगळ्या सांगत नाही, तीनच सांगते.

पहिली पुण्यात. काळी कुळकुळीत, बैलपोळ्याच्या बैलासारखी नटवलेली. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, उचललेली बॉडी, छपरावर दिव्यांची रांग, मागे गडाचं चित्र. विकणारा मुलगा माझ्याशी न बोलता माझ्याबरोबर आलेल्या भावाशी बोलत होता. माझ्या भावाला स्कूटरचा प्लगसुद्धा बदलता येत नाही. मी म्हटलं, फोर-लोमध्ये टाकून दाखवा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सावकाश, जोराच्या गिअरमध्ये. तो हसला. "मॅडम, ते कशाला? टू-व्हीलमध्येच लय भारी पळते." मी स्वतः बसले, क्लच दाबला, फोर-व्हीलचा लिव्हर ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. एवढी नटवलेली गाडी, आणि ती जात ज्यासाठी घ्यायची तेच तिने जन्मात कधी केलेलं नसावं. वर ते पत्र्याचं छप्पर बाहेरून बसवलेलं, आरसी बुकात नोंद नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. पासिंगच्या वेळी ते सगळं माझ्या गळ्यात आलं असतं.

दुसरी मी बघितलीच नाही, फक्त फोटो आले. दिल्लीची गाडी, किंमत इथल्यापेक्षा दीड लाखाने कमी. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी होती, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे खाली यायच्या. तसं बघितलं तर गाडी वाईटच असते असं नाही, कोरड्या हवेत चासी चांगली राहते. पण एनओसी आणायची, इथे नवीन नंबर घ्यायचा, महाराष्ट्राचा वाहनकर भरायचा, आणि हे सगळं करणारा माणूस फोनवरचा. एजंटाला म्हटलं, बाबा, गाय न बघता मी कधी औषधसुद्धा सांगत नाही.

तिसरी मात्र मला आवडली होती. रत्नागिरी पासिंगची, लाल, स्वच्छ, पाच लाख दहा हजार. विकणाऱ्याने सांगितलं घरगुती वापर, डॉक्टरांची गाडी. (प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते? मी डॉक्टर आहे, माझ्या गाडीत शेणाचा वास येतो.) इंजिन छान, धूर नाही. चाचांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिले. आपण एरवी ओढतो तेवढा नाही, पार संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक फिकट मातकट रेघ होती, अगदी सरळ. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग सीट पुढे सरकवून खालची पट्टी दाखवली, तिला गंज. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात नखाने उकरलं तर बारीक गाळ, वाळून पावडर झालेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती ते आम्ही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पाण्याखाली गेलेलं इंजिन उतरवून दुरुस्त होतं, पण वायरिंग पुढची चार वर्षं आपल्याला रात्री-अपरात्री रस्त्यात उभं करतं. आणि माझं काम रात्री-अपरात्रीचंच.

त्या दिवशी परतताना चाचा म्हणाले ते मला पटलं. त्यांचं कराडला गॅरेज आहे, चाळीस वर्षं हात काळे केलेत. म्हणाले, "बेटा, चकाचक गाडी शोधू नको. जिचा लिव्हर वापरलाय ती शोध." माझ्या डोक्यात लगेच बैलबाजार आला. व्यापारी बैलाची शिंगं साळतो, रंगवतो, अंगाला तेल चोळतो. घेणारा शेतकरी तिकडे बघतच नाही. तो जबडा उघडून दात बघतो, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग खांद्यावर हात फिरवतो. खांद्याला घट्टा असेल तर बैल जुवाखाली गेलेला आहे. घट्टा नसलेला मोठा बैल कुणी घेत नाही.

मग ही, चौथी. महाबळेश्वर तालुक्यातला स्ट्रॉबेरीवाला शेतकरी, सत्तरीचा. २०१३ ची सीआरडीई, सातारा पासिंग, एकच मालक, एक लाख बारा हजार किलोमीटर. मी फोनवर एकच अट घातली होती, सकाळी सातला येतो, त्याआधी गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. आम्ही पहाटे चारला कराडहून निघालो. पोचलो तेव्हा धुकं होतं, आणि चाचांनी बॉनेट उघडून रेडिएटरला तळहात लावला. गार.

गाडी कशी होती? कुरूप. डाव्या मडगार्डला पोचा, सीटवर रेक्झिनचं ठिगळ, ताडपत्रीला दोन टाके, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर क्रेटच्या घासण्याचे पांढरे ओरखडे. पण लिव्हरची मूठ! तिच्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल असं कोरलेलं असतं. या मुठीवर काहीच वाचता येत नव्हतं. हाताच्या घामाने आणि मातीने पार गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. मी चाचांकडे बघितलं. ते मिशीत हसले आणि म्हणाले, "अजून काही बोलू नको."

सेल्फ मारला. दुसऱ्या झटक्याला चालू. आधी थोडा पांढरा धूर, मिनिटाभरात साफ. काळा आला असता तर हवा किंवा नोझलचं काहीतरी, निळा आला असता तर ऑइल जळतंय आणि मग आम्ही चहा पिऊन परत. चाचांनी ऑइलचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. ते उडायला लागलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि लाखभर रुपयेही गेले. मग ते गाडीखाली शिरले. चासीवर वेल्डिंग नाही. ताजा डांबरी रंगही फासलेला नाही, जो गंज लपवायला फासतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एकाला चीर. पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस बाहेर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन टायर २०१५ चे निघाले, नक्षी भरपूर पण रबर लाकडासारखं.

हे चाललं असताना मालक माझ्याशी बोलत होते. मी काय करते ते कळल्यावर गाडीचा विषयच संपला. "डॉक्टरीणबाई, म्हस उलटतीया बगा. तीन येळा भरवली." मी हातमोजा चढवला. गर्भाशयात पू होता. औषध लिहून दिलं, दोन माज सोडून मगच भरवा म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच आत जाऊन तीनशे रुपये आणून हातात ठेवले. मला वाटलं, आता भाव करायला सोपं जाईल.

त्याआधी ओढ्यात गेलो. फोर-व्हील डांबरी रस्त्यावर तपासायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा वळसा घेतात. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, आणि डांबरावर चाकाला घसरायला जागा मिळत नाही, म्हणून सगळा पीळ गिअरांवर येतो. ओढ्याच्या वाळूत मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, लिव्हर मागे ओढला. टक्. एका बोटाने. पहिला टाकून क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी दगडांवरून चढायला लागली, गाभण म्हैस चढते तशी सावकाश, कुठेही न घसरता. फक्त वळताना डावीकडून कट-कट आवाज. तो फाटक्या बुटातल्या सांध्याचा.

मागणी पाच पंचाहत्तरची होती. मी पाट्याची चीर, बूट, टायर सगळं मोजून दाखवलं. मालक शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हशीचं पैसं दिलं की तुमास्नी." म्हणजे त्याचा इथे काही संबंध नाही. शेवटी चाचांनी आणि त्यांनी बाजूला जाऊन काहीतरी ठरवलं, पाच वीस. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात तसं नव्हतं, पण मला आकडा नंतरच कळला हेही खरं.

कागदांचं थोडक्यात सांगते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, कर्ज फिटून पाच वर्षं झाली तरी. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तोवर मी अर्धेच पैसे दिले होते. तुम्हीही तसंच करा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे एजंटाने सांगितलेला हप्ता वाढला. आरसी २०२८ पर्यंत आहे, मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा. तेव्हाचं तेव्हा.

चाचांकडे गाडी आठवडाभर होती. पाटा, बूट, बेअरिंग, बॅटरी, दोन टायर, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही हौसिंग अशी सगळीकडची तेलं. बिल एक्केचाळीस हजार झालं. मी हे धरून चालले होते. तुम्हीही सहाचं बजेट असेल तर साडेपाचचीच गाडी बघा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा त्याच वाडीचा फोन आला. गाय दुसऱ्याच घरची. चढावर मागची चाकं फिरायला लागली, मी थांबले, लिव्हर ओढला आणि वर गेले. वायपर एवढा आवाज करत होता की बाकी काही ऐकू येत नव्हतं, ताडपत्रीतून उजव्या गुडघ्यावर थेंब पडत होते. आजी दारात कंदील घेऊन उभ्या होत्या. वासरू पाय पुढे करून अडकलं होतं. निघालं.

जुलैमध्ये जुन्या मालकांचा फोन आला. मला वाटलं गाडीचं विचारतील, एवढी वर्षं वापरलेली. विचारलं नाही. म्हणाले, "म्हस लागलीया वाटतंय, तीन महिनं झालं उलटली न्हाई. तपासायला कवा येताय?" मी म्हटलं, काका, लांब पडतं हो, पाऊस फार आहे, घाट आहे.

"मग काय झालं," ते म्हणाले, "गाडी हाय की आता तुमच्याकडं."