भूत येणार कधी?

सोलापूर, रविवार रात्र

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा आमच्या घरातल्या कोणीही तो पाहिला नव्हता. आज दुपारी तो टीव्हीवर सर्वांनी मिळून पाहिला आणि संपल्यावर त्यावरून अशी काही जुंपली की, चहाचे आधण पुन्हा ठेवावे लागले. वाद केवळ चित्रपट बरा की वाईट एवढाच असता, तर तो येथे लिहून ठेवण्याची गरज नव्हती. पण घरातल्या पुरुषांच्या मते चित्रपट फार उशिरा सुरू झाला, तर बायकांच्या मते ती गरोदर मुलगी परक्या घराचा उंबरा ओलांडून आत आली, तिथेच तो सुरू झाला होता. हा फरक मला दिवसभर सोडेना.

कथा थोडक्यात अशी. कर्जात बुडालेला तुषार पैशांसाठी मागे लागलेल्या माणसांना चुकवण्यासाठी आठ महिन्यांच्या गरोदर पत्नीला, नेहाला, घेऊन आपल्या चालकाच्या गावाकडच्या घरी आश्रयाला जातो. घर उसाच्या फडाच्या मधोमध, शेजारपाजार नाही. चालक भाऊराव आणि त्याची बायको तुळसाबाई या दोघांची सोबत. मग नेहाला मुलांचे आवाज ऐकू येऊ लागतात. पात्रे मोजकी, घर एक, फड एक. खर्च फारसा करायचा नाही हे ठरवूनच मांडलेला हा डाव आहे, आणि म्हणूनच सगळा भार माणसांवर पडतो. नेहा झालेल्या पूजा सावंत आणि तुळसाबाई झालेल्या उषा नाईक या दोघींनी तो पेलला नसता, तर चित्रपटात पाहण्यासारखे काय उरले असते, हे मला सांगता येत नाही.

उसाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे आमच्या जिल्ह्यातला प्रेक्षक दिग्दर्शकाच्या एक पाऊल पुढे असतो. माझे माहेर मोहोळ तालुक्यातले. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की जवळपास दीड वर्ष रानात उभा असतो आणि तोडणीला येईपर्यंत माणसाच्या दुपटीने वाढतो. त्या फडात चार पावले आत गेले की पुढच्या सरीपलीकडचे काही दिसत नाही. पानांची कड हातांवर बारीक ओरखडे काढते, घाम लागला की ते चुरचुरतात, आणि पायाखालचे वाळलेले पाचट वाजते ते आपल्याच पावलांनी की दुसऱ्या कोणाच्या, याचा अंदाज लागत नाही. आत वारा फिरत नाही, तरी शेंड्यांची सळसळ वर चालूच असते. लहानपणी आम्हां मुलींना फडात एकटीने जायची सक्त मनाई होती. कारण विचारले तर कोल्हा, साप, रानडुक्कर अशी नावे सांगत. खरे कारण माणसे हेच होते, आणि ते आम्ही मोठ्या झाल्यावर आम्हांला कोणी न सांगताच कळले. मुंबईच्या प्रेक्षकाला हा ऊस चक्रव्यूह वाटेल. मला तो केवळ ऊस वाटला, आणि त्यामुळेच अंगावर काटा आला. महागडा सेट उभारून जे साधले नसते, ते इथे उभ्या पिकाने साधले आहे.

आता वादाकडे वळते. पहिल्या अर्ध्या तासात भाऊजींनी दोनदा विचारले, "वहिनी, भूत येणार कधी?" सासूबाई खाली बसून चटणीसाठी भाजलेल्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आणि कशाला यायला पाहिजे? ही बाई बसली आहे की समोर." तुळसाबाई तोवर काहीही वावगे वागलेली नव्हती. खा, आराम कर, इकडे जाऊ नकोस, तिकडे पाहू नकोस, एवढेच तिचे चाललेले होते. गरोदर बाईला प्रत्येक घरात कोणी ना कोणी हेच सांगत असते. परंतु त्या मायेतला हिशेब सासूबाईंना लगेच ऐकू आला. लाड कोणाचे चालले आहेत, पोरीचे की तिच्या पोटातल्याचे, हा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला, तेव्हा नणंदबाईंनी हातातला मोबाइल बाजूला ठेवला आणि शेवटपर्यंत पुन्हा उचलला नाही. जुन्या मराठी चित्रपटांतल्या नृत्यांसाठी ज्या उषा नाईक सासूबाईंच्या लक्षात होत्या, त्यांनाच इथे अंगभर पदर घेऊन आणि आवाज जराही न चढवता माणसाला घेरताना पाहून त्यांना विलक्षण नवल वाटले.

कथेतले रहस्य मुलींच्या जन्माशी बांधलेले आहे, एवढे सांगितल्याने पाहणाऱ्याचे फारसे नुकसान होणार नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर उतरली. हे आकडे आम्ही शाळेत भिंतीवर लावतो, मुलींकडून त्यांवर निबंध लिहून घेतो, आणि ते कोणाच्याही अंगावर येत नाहीत. तुळसाबाईचे 'जेव गं पोरी' अंगावर येते.

भाऊजींचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही. त्यांची तक्रार अशी की, भयपट म्हणून तिकीट काढायचे आणि कौटुंबिक दुःख पाहून घरी यायचे, ही फसवणूक आहे. ही तक्रार आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी द्यायला सांगते. २०१८ मध्ये अॅरी अॅस्टर यांच्या 'हेरेडिटरी' या चित्रपटाची समीक्षकांनी भरभरून स्तुती केली, आणि त्याच चित्रपटाला या प्रेक्षकांनी 'डी प्लस' ही अगदी खालची श्रेणी दिली. त्यातही भुतापेक्षा घरातला शोक मोठा आहे. पहिल्या दिवशी धावत जाणारा प्रेक्षक जाहिरातीने दिलेला शब्द मनात धरून जातो, आणि श्रेणी देतो ती त्या शब्दाला. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांचा 'द बाबाडूक' हा भयपट २०१४ मध्ये आला, तेव्हा त्याला मायदेशात गर्दी झाली नाही, परदेशात मात्र तो चालला, आणि 'द एक्झॉर्सिस्ट' या गाजलेल्या भयपटाचे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी त्याची जाहीर प्रशंसा केली. तिथेही गोष्ट एका थकलेल्या विधवा आईची आहे. आपल्याकडे 'तुंबाड'चे उदाहरण तर ताजे आहे: २०१८ मध्ये बेताची कमाई करून उतरलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. मधल्या सहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती; आत नेमके काय आहे ते ठाऊक असलेला प्रेक्षक या वेळी तिकीट काढत होता, एवढाच फरक. म्हणून भाऊजींचा राग मला जाहिरातीवरचा वाटतो, चित्रपटावरचा नव्हे. त्यांनी हे अर्थातच मान्य केलेले नाही.

माझेही काही आक्षेप आहेत. शांतता जिथे पुरेशी होती तिथे पार्श्वसंगीत कारण नसताना दचकवते. जणू निर्मात्यांना भाऊजींचा प्रश्न आधीच ऐकू आला होता. शिवाय शेवटाकडे चित्रपट आपले म्हणणे फोड करून सांगू लागतो. ज्या प्रेक्षकाला ते कळायचे त्याला ते केव्हाच कळलेले असते, आणि ज्याला कळलेले नसते त्याला संवादांनी पटत नाही. नणंदबाई यावर माझ्याशी भांडल्या. त्यांच्या मते उघड बोलणे गरजेचेच आहे, कारण घरात असे विषय नेहमी पदराआड बोलले जातात. बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. त्यांना दोन्ही मुलीच आहेत, आणि दुसरीच्या वेळी सासरी काय काय ऐकावे लागले ते त्यांनी आजवर आम्हांला फारसे सांगितलेले नाही. त्या बोलत असताना मी माझा मुद्दा पुढे रेटला नाही. तरी कलाकृती म्हणून तो शेवट मला अजूनही सैलच वाटतो.

फुरिया यांनी स्वतःच हीच कथा हिंदीत 'छोरी' नावाने केली, नुश्रत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आली आणि २०२५ मध्ये तिचा दुसरा भागही निघाला. हिंदीमुळे ही गोष्ट कितीतरी अधिक घरांत पोचली, याचा आनंदच आहे. मात्र आज जेवताना घरात विचारले, तर 'छोरी' मूळची मराठी चित्रपटावरून केलेली आहे हे माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हते, आणि याची थोडी चुटपुट लागते. नणंदबाईंना आता पुढच्या रविवारी 'छोरी' पाहून दोन्हींची तुलना करायची आहे. सासूबाईंनी आधीच जाहीर केले आहे की, उषा नाईक नसतील तर आपण देवळात जाऊ. भाऊजी बसायला तयार आहेत, पण पहिल्या पंधरा मिनिटांत भूत दिसलेच पाहिजे, या अटीवर. दिग्दर्शक तोच आहे, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.