लुपेरॉनहून निघताना: बोटीची तयारी

डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावरची लुपेरॉनची खाडी खारफुटीने वेढलेली आहे. चक्रीवादळांच्या मोसमात आसरा मिळतो म्हणून बोटी येतात आणि मग महिनोन्‌महिने हलत नाहीत. पाणी कोमट, गढूळ आणि साचलेलं, त्यामुळे निघायचं म्हटलं की खरं काम पाण्याखाली असतं. शिडं, दोर वगैरे वरचं सगळं दिसतं म्हणून आधी तेच करावंसं वाटतं. आम्ही उलटा क्रम धरला.

बोट पुढे ढकलणारा पंखा (प्रोपेलर) साफ केल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये. पात्यांवर बार्नॅकलचा (पाण्याखाली घट्ट चिकटणाऱ्या, धारदार कवचाच्या जिवांचा) थर असला की पंखा नुसता फिरतो, बोट ढिम्म. इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेणारं भोकही बुजलेलं असतं, ते बाहेरून स्क्रूड्रायव्हरने मोकळं करावं लागतं. पात्यांना लोखंडी पट्टी चालते, बुडाला मात्र प्लास्टिकचीच, नाहीतर उरलासुरला अँटिफाउलिंग रंगही (असे जीव चिकटू न देणारा) निघून येतो. शाफ्टवरचा (पंख्याच्या दांड्यावरचा) झिंक, म्हणजे धातूला गंजण्यापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा, अर्धा झिजला असेल तर लगेच बदलावा. पाण्यात हातभरापलीकडचं दिसत नाही, त्यामुळे सगळं चाचपून करावं लागतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण बार्नॅकलची जखम या पाण्यात हमखास चिघळते.

त्यानंतर नांगराची साखळी. 10 मिमीची साखळी मीटरला सव्वादोन किलो भरते आणि वर शिंपल्यांचं ओझं असतं ते वेगळंच. अशी साखळी विंडलासच्या (नांगर वर ओढणाऱ्या यंत्राच्या) चाकात बसत नाही, दाते सोडून सटासट घसरते. म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, पहाटे वारा पडलेला असताना, चार-पाच मीटर वर घ्यायची, खरवडायची, धुवायची, मग पुढची. गाळात रुतलेला भाग काळा पडलेला आणि जस्त उडालेला निघतो. तिथल्या कड्या झिजल्या असतील तर साखळी उलटी करून चांगलं टोक नांगराकडे लावावं. नांगर गाळात घट्ट बसलेला असतो. तो विंडलासने उपटायला गेलं तर मोटर जळते. साखळी उभी झाली की ती क्लीटला (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधायची आणि इंजिन हळूच पुढे घालून बोटीच्या वजनाने नांगर सोडवायचा. शॅकलच्या (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीच्या) पिनची तार बघून नांगर पुन्हा टाकावा, म्हणजे निघायच्या दिवशी पाच मिनिटांचं काम उरतं.

सर्वात दगाबाज डिझेल. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतल्या वाफेचं पाणी होऊन तळाशी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भिडतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ तळाशी बसतो. खाडीत इंजिन तासन्‌तास सुरळीत चालतं. बाहेरच्या लाटेत टाकी घुसळली की तो गाळ उठतो आणि किनारा जवळ असतानाच फिल्टर तुंबतो. जंतुनाशक टाकलं तर मेलेल्या जंतूंनीही फिल्टर भरतो, म्हणून ते बरंच आधी टाकावं आणि मग टाकीच्या तळातून डिझेल उपसून गाळून घ्यावं. 10 मायक्रॉनचे निदान सहा फिल्टर जवळ असू द्यावेत. इम्पेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) नवा घालावा, कारण पडून राहिलेल्या रबराची पाती वाकडी होतात. मग नांगरावरच गिअर टाकून अर्धा तास इंजिन चालवून तापमान बघावं.

वरचं काम त्या मानाने सोपं. सीकॉक (बुडातल्या भोकांचे झडप-नळ) उघड-बंद करून बघावेत, शिडांची शिवण नखाने ओढून बघावी (उन्हाने कापडाआधी धागा जातो), डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या खालच्या टोकांना बारीक चीर आहे का ते भिंगाने पाहावं. डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीचं घर नक्की असतं.

कागद शेवटी, कारण नौदलाचा देस्पाचो (निघायचा परवाना) मिळाल्यावर लगेच निघायचं असतं. आधी हवामान जुळू द्यावं. पुढचा मुक्काम पोर्तो रिको, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, साधारण 240 सागरी मैल, तेही पूर्वेच्या वाऱ्यावर तोंड करून. थंड हवेची पट्टी उत्तरेकडून आली की हा वारा मवाळतो, तेवढीच संधी. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकी व्हिसा आधीच हातात हवा.

खाडीच्या तोंडाशी उथळ जागा आहेत आणि वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांचा भरवसा नाही. आत येतानाचा जीपीएस ट्रॅक असेल तर त्यावरूनच, उजेड असेपर्यंत बाहेर पडावं. रात्री डोंगरावरून उतरणारी हवा किनाऱ्यालगतचा वारा मारते, त्या वेळात पूर्वेकडचं अंतर कापून घ्यावं. पहिले दोन तास एकाने फिल्टर तुंबायला लागला की दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजवरून नजर काढू नये.