अस्तराचा कागद

सरांच्या मुलाचा फोन पहाटे साडेपाचला आला. "काका, पाणी उतरलंय. पण पुस्तकाच्या खोलीचं दारच उघडंना झालंय."

दार का उघडत नसेल ते मला अंथरुणातच कळलं. भिजलेलं पुस्तक फुगतं. रॅकमध्ये गच्च लावलेली पुस्तकं फुगली की दोन्ही बाजूंनी इतका रेटा देतात की लोखंडी पट्टीचे बोल्ट तुटतात आणि मांडणी जागेवर बसते. तशीच एखादी मांडणी दारावर कोसळली असणार. मी कारागीर पोराला उठवलं, पोतंभर कोरा न्यूजप्रिंट स्कूटरवर टाकला आणि निघालो.

सप्टेंबर 2025च्या अखेरची गोष्ट. तिकडं पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, इकडं विष्णुपुरीचे. नांदेडला गोदावरी नावघाटाच्या पायऱ्या ओलांडून खालच्या वस्त्यांत शिरली होती. सरांचं घर त्यातच. सर आणि काकू दोन दिवस आधीच लेकीकडं परभणीला गेलेले. घरात तीन फूट पाणी दीड दिवस उभं होतं.

मी इतवाऱ्यात बाइंडिंगचं दुकान चालवतो, एकतीस वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही पुस्तकं बांधतो. खरं तर पोट चालतं ते प्रबंधांच्या काळ्या रेक्झिनवर, सोनेरी अक्षरांवर, शिक्षकांच्या सेवापुस्तकांवर आणि वकिलांच्या दप्तरांवर. पुस्तक म्हणून पुस्तक घेऊन येणारी गिऱ्हाइकं मोजकीच, आणि त्यात सर पहिले. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर सरांच्या तासाला बसलेला माणूस. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. बदली होईल तिथं पुस्तकांच्या पेट्या सोबत. निवृत्त झाले तेव्हा दोन हजार दोनशेच्या वर पुस्तकं होती. त्यातली निम्मी तरी कधी ना कधी माझ्या हाताखालून गेलेली.

दार बिजागरीतून काढावं लागलं. आत वरचे दोन खण कोरडे, बाकी सगळं गाळात. मोजलं तेव्हा नऊशेच्या आसपास भरली.

आता इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण दरवर्षी कुणाचं तरी घर भिजतं आणि दरवर्षी त्याच चुका होतात. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही. आपल्याला वाटतं उघडून बघावं, किती भिजलंय. पण ओल्या कागदात जीव नसतो, बोटाबरोबर पान येतं. गाळ लागला असेल तर पुस्तक मिटलेलंच, दोन्ही हातांनी दाबून धरून स्वच्छ पाण्याच्या टबात बुचकळायचं आणि वरचा चिखल पुसायचा. मग उभं करून पाणी निथळू द्यायचं. ऊन दाखवायचं नाही. मी पोचायच्या आत शेजारच्या पोरांनी भल्या मनानं साठेक पुस्तकं गच्चीवर पसरली होती. संध्याकाळपर्यंत त्यांचे पापड झाले. बाहेरून करकरीत आणि आत पाठीजवळ ओलीच. पोरांना काय बोलणार, रात्रभर लोकांची चूलभांडी उपसून ती आलेली होती.

आपल्या हवेत भिजल्यापासून दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ती सगळ्यात आधी पानांवर येत नाही. पुठ्ठा आणि पाठ जिथं जुळतात त्या सांध्यावर पांढरा कापूस दिसायला लागतो, कारण तिथं खळ असते. खळ म्हणजे मैदा. आम्ही शिजवताना त्यात मोरचूद घालतो, त्यानं झुरळं आणि वाळवी लांब राहते, पण तीन फूट पाण्यात दीड दिवस राहिल्यावर मोरचूद किती टिकणार. माझ्याच हातानं बांधलेल्या पुस्तकांना सगळ्यात आधी बुरशी लागेल हे मला दिसत होतं.

नऊशे पुस्तकं चार माणसांनी तीन दिवसांत वाळवणं शक्य नाही. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालायचा, दोन-तीन तासांनी बदलायचा, पंख्याखाली उभी करायची. एका माणसाच्या हातून दिवसाला पंधरा-वीस होतात, त्यात वीज नाही. मला एकच उपाय माहीत होता. काही वर्षांपूर्वी हैदराबादला कागद जतन करण्याच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. तिथं इटलीतल्या फ्लोरेन्सची गोष्ट सांगितली होती. 4 नोव्हेंबर 1966ला आर्नो नदी शहरात घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. त्यानंतरच्या वर्षांत जगभरातले लोक एक गोष्ट शिकले, वाळवायला वेळ नसेल तर गोठवा. उणे अठरा अंशांना बुरशी झोपते. पुस्तक बरं होत नाही, फक्त वेळ मिळतो.

नांदेडातल्याच श्रीनगर भागात आईस्क्रीमचे एक ठोक व्यापारी आहेत. त्यांच्या मुलाचा प्रबंध मी बांधलेला. पुरानं गिऱ्हाईक नव्हतं, जनरेटर होता. मी गेलो तेव्हा ते आधी माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "दोन डीप फ्रीज रिकामे करून देतो, पण वास यायला नको बघा." भाडं विचारलं तर हात जोडले. त्या आठवड्यात मला भेटलेला सगळ्यात शहाणा माणूस तो. आमच्या बाइंडिंगच्या व्यवसायातल्या एकानं सांगितलं होतं, वाळू द्या, मग कटिंग मशीनवर तिन्ही बाजूंनी धार मारून देतो, नव्यासारखी दिसतील. पुस्तक म्हणजे अशांना वीट वाटते.

पुस्तकं टोमॅटोच्या कॅरेटमध्ये, पाठ खाली करून, मध्ये बटर पेपर घालून न्यायची होती. आणि इथं मी तो निर्णय घेतला.

फुगलेले पुठ्ठे सगळ्यात जास्त पाणी धरतात. ते काढले की पुस्तक लवकर थंड होतं, पुढं लवकर वाळतं, फ्रीजमध्ये जागाही दीडपट होते. तांत्रिकदृष्ट्या यात काही चूक नाही, आजही मी हेच म्हणेन. मी सुरी घेतली आणि सांध्यावर चालवायला लागलो. पुठ्ठा आणि त्याला आतून चिकटवलेला अस्तराचा कागद एका झटक्यात निघायचा. सरांचा मुलगा एकदा म्हणाला, "कामून फाडायलाव काका?" मी त्याला समजावून सांगितलं. त्याला पटलं. कॅरेट भरत गेले, पुठ्ठ्यांचा ढीग अंगणात वाढत गेला. आधी काय न्यायचं हेही मीच ठरवलं. विश्वकोशाचे खंड पहिल्या खेपेला. त्यांच्यातली चित्रपत्रं गुळगुळीत आर्ट पेपरची असतात, वाळली की एकमेकांना अशी चिकटतात की दगड होतो, म्हणून ते ओले असतानाच गोठायला हवेत. रात्री साडेनऊपर्यंत चारशे तीस पुस्तकं फ्रीजमध्ये गेली. त्यातल्या तीनशे दहांचे पुठ्ठे मी उतरवले होते.

दुसऱ्या दिवशी महापालिकेचा ट्रॅक्टर आला आणि गल्लीतल्या गाद्या, धान्य, फर्निचर यांच्याबरोबर तो ढीगही घेऊन गेला. त्याच दुपारी पंचनाम्याला माणसं आली. कपडे आणि भांडीकुंडी-घरगुती सामान, एवढ्यात काय ते बसवायचं. पुस्तकं सामानात धरू का, असं त्या पोरानं खरंच आस्थेनं विचारलं. त्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

सर चौथ्या दिवशी आले. तोवर मी पहिली बारा पुस्तकं बाहेर काढून दुकानात पंख्याखाली वाळवली होती. नवी अस्तरं लावायची बाकी होती, पण पानं सुटी झाली होती, अक्षर शाबूत होतं. मला अभिमान वाटत होता, लपवत नाही. सरांनी एक पुस्तक उचललं. सवयीनं उलटं धरलं आणि मागचं शेवटचं पान उघडलं. पुन्हा पुढून मागं चाळलं. दुसरं उचललं. मग म्हणाले, "अस्तरं कुठं आहेत रे?"

मला ठाऊक होतं. हीच गोष्ट मला अजून झोपू देत नाही. मलाच ठाऊक होतं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या अस्तरावर सर लिहायचे, कुठं घेतलं, किती रुपयांना, पैसे कुठून आणले. "मार्च 1973. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे पैसे. 3 रु." "परभणी स्टँड, गाडी चुकली म्हणून." "धाकटीच्या बारशाला आलेल्या पाकिटातून, तिला मोठी झाल्यावर परत करणे." "एप्रिल 2016, लातूर. मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे बघितली. मग दुकानात गेलो." पुस्तक नव्यानं बांधायला दिलं की ते बजावायचे, "आतलं टिपण जपून काढ हां." एकतीस वर्षं मी ते ओलं करून, तासून, नव्या अस्तरावर चिकटवून देत आलो. दुसरा कुणी बाइंडर असता तर त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

कार्यशाळेत पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम होता, जे काही पुस्तकापासून वेगळं कराल त्याला नंबरची चिठ्ठी बांधा. मी तो वहीत लिहूनही घेतला होता.

मी सरांना खरं सांगितलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ पंख्याकडं बघत होते. मग म्हणाले, "शाई तशीही धुपली असती." माझ्यासाठी म्हणाले ते. धुपली असती का? मी याचाच विचार करत बसतो. 1980च्या आसपासची टिपणं रॉयल ब्लू शाईची आहेत, ती गेलीच असती, ती शाई पाण्याला उभी राहत नाही. पण त्याआधीची निळ्या-काळ्या शाईची होती. त्या शाईत लोह असतं, ते कागदात मुरतं आणि काळं पडतं. ती पुसट होऊन का होईना, वाचता आली असती. आणि शेवटच्या वीस वर्षांतली बॉलपेनची होती. लातूरचं टिपण बॉलपेनचं होतं. म्हणजे मी फेकलेल्या अस्तरांपैकी निम्मी तरी वाचवता आली असती. कापताना एकदाही पुठ्ठा उलटा करून बघितला नाही. हात चालत होता आणि मला वाटत होतं, मी वाचवतोय.

विश्वकोशाचे खंड छान वाळले. चित्रपत्रं ओली असतानाच एकेक करून सोडवली, त्यात बटर पेपर घातला, एकही फाटलं नाही. व्यवसायातलं माझं हे सगळ्यात नीट झालेलं काम. पण विश्वकोश आज कुणालाही घरबसल्या मोबाइलवर वाचता येतो. खडीच्या पैशांचं टिपण जगात एकाच ठिकाणी होतं.

नोव्हेंबरपासून मी एक गोष्ट करतोय. पुस्तक दीड दिवस पाण्यात दाबलं गेलं तेव्हा अस्तरावरची शाई थोडी समोरच्या पानावर उतरलीय. अस्तर गेलं तरी ते समोरचं पान पुस्तकातच आहे. छपाईच्या अक्षरांच्या वर निळसर ढग दिसतो, जवळून बघितलं तर त्यात रेषा असतात, उलट्या. सकाळी नऊ ते दहा दुकानात तिरपं ऊन येतं. मी पान त्या उजेडात धरतो आणि बायकोचा हातआरसा समोर ठेवतो. बहुतेक वेळा काहीच लागत नाही. कधी नुसता आकडा लागतो, कधी गावाचं नाव. बॉलपेनची तर अशी उतरतच नाहीत, त्यांचा प्रश्न मिटला. आतापर्यंत तीनशे दहापैकी एकशे नव्वद बघून झाली. अठ्ठावीसमध्ये काहीतरी वाचता आलं.

सर आठवड्यातून दोनदा येतात. मी आरशातलं वाचतो आणि ते उरलेलं आठवतात. काल एका पानावर "...ळीच्या", "मोंढा" आणि "दीड" एवढं लागलं. सर पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "दिवाळीच्या. दिवाळीच्या बोनसातून असेल." थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, तेव्हा बोनस कुठला. होळीच्या आठवड्यात मोंढ्यात हमाली केली होती एकदा." मी पेन्सिल घेऊन थांबलो होतो. त्यांनी मान हलवली, "राहू दे, दोन्ही लिहू नको. उद्या सांगतो."

नव्या अस्तराचा कागद मी त्या पुस्तकाला लावलाय. कोरा आहे अजून.